अभ्याख्यान आणि राजा क्रेऑन

प्रतिक्रमणात ज्या अठरा पापस्थानकांची आलोचना केली जाते, त्यांत तेरावे स्थान अभ्याख्यानाचे आहे. पुरावा नसताना दुसऱ्याच्या माथी दोष मारणे, हा त्याचा सरळ अर्थ. असत्य भाषणाचा, म्हणजे मृषावादाचा, उल्लेख दुसऱ्याच क्रमांकावर येऊन गेलेला असतो; तरीही शास्त्रकारांनी हा दोष स्वतंत्र मोजला. त्यामागची दृष्टी किती सूक्ष्म आहे, हे एका ग्रीक शोकांतिकेतील राजाची भाषा तपासली की ध्यानात येते.

सॉफोक्लीसचे ‘अँटिगनी’ हे नाटक इ.स.पू. 441 च्या सुमाराचे. थीबीज नगरीच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ लढले व एकमेकांच्या हातून मारले गेले. गादीवर आलेला त्यांचा मामा क्रेऑन याने एका भाच्याला सन्मानाने मूठमाती दिली. परकी फौज घेऊन आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत मात्र उघड्यावर टाकून, त्याला जो पुरेल त्यास देहदंड जाहीर केला. बहीण अँटिगनी हिने ती आज्ञा मोडली.

क्रेऑनचे पहिले भाषण शांत व घरंदाज आहे. राज्याला तो नौकेची उपमा देतो. माणसाची खरी पारख त्याच्या हाती अधिकार आल्यावरच होते, असेही तो सांगतो. हे बोलणे आपल्यालाच लागू पडणार आहे, याची त्याला कल्पना नसते.

पहारेकरी वार्ता आणतो की प्रेतावर कोणीतरी माती टाकून गेले. ही देवांचीच करणी नसेल ना, अशी शंका मेळ्यातील वृद्ध काढतो आणि राजाचा तोल सुटतो. चौकशी नाही, साक्ष नाही. नगरातील असंतुष्टांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले, हा निर्णय जागच्या जागी होतो. मग द्रव्य कशी नगरे उद्ध्वस्त करते, घरे कशी मोडते, यावर प्रवचन. पहारेकरी साधा, पण हजरजबाबी: गुन्हेगाराने आपल्या मनाला दुखावले, मी फक्त कानांना, असे तो राजाला सुनावतो. नाटकातील हा एकच माणूस राजाच्या तावडीतून हसतखेळत सुटतो.

यापुढे क्रेऑनच्या तोंडी पुरावा कधीच येत नाही, येतो तो केवळ हेतूचा आरोप. इस्मीनी निरपराध आहे, तरी ती घरात दडलेली सर्पीण ठरते. अँटिगनीविषयी बोलताना तापवून कडक केलेले लोखंड, लगामाने वठणीवर येणारे घोडे, गुलाम अशा उपमा येतात. मुलगा हीमन हा अँटिगनीचा वाग्दत्त वर; तो अत्यंत नम्रतेने सांगतो की पुरात वाकणारी झाडे टिकतात. बापाजवळ त्याला उत्तर नसते. म्हणून मुद्दा कायद्यावरून वयावर, वयावरून मुलाच्या स्त्रीवश असण्यावर सरकत जातो. वाक्ये एकेका ओळीची होतात. नगर हे राजाच्या मालकीचेच असते, असे बाप म्हणतो; तर मग ओसाड प्रदेशावर आपण एकट्याने उत्तम राज्य कराल, असे मुलगा उत्तरतो. ज्या पेढीचा शेठ प्रत्येक विरोधी सल्ल्यामागे दलाली शोधतो, तेथील मुनीम लवकरच गप्प राहू लागतो. थीबीजमध्येही लोक दबल्या आवाजात बोलत होते, हे हीमननेच सांगितले आहे.

सर्वांत बोलका प्रसंग अंध भविष्यवेत्ता टायरेसियस याचा. चूक सर्वांकडून होते, ती दुरुस्त करावी, एवढेच त्याचे म्हणणे. क्रेऑन उसळतो: तुम्हा लोकांनी माझा केव्हाच बाजार मांडला आहे, सार्डिसचे सोने-चांदीमिश्रित धातू आणा, हवे तर हिंदुस्थानचे सोने आणा, प्रेताला माती मिळणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक रंगभूमीवर आपल्या देशाचे नाव असे निघावे, आणि तेही लाच म्हणून, हे मौजेचे. सारे आयुष्य लोभाची निंदा करणाऱ्या या राजाची शब्दसंपत्ती मात्र बाजारातली आहे. टायरेसियसही मग त्याच भाषेत हिशेब मांडतो: प्रेताच्या बदल्यात तुझ्याच रक्ताचे एक प्रेत द्यावे लागेल.

या शब्दांनी क्रेऑन हादरतो. आधी मुलीला गुहेतून सोडवा, मग प्रेताला माती द्या, असे वृद्ध सुचवतात. तो आधी प्रेताकडे जातो. गुहेत पोचतो तेव्हा अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. ज्याने आजवर आज्ञाच केल्या, तो आता मुलाला बाहेर ये म्हणून विनवतो. हीमन एक शब्दही बोलत नाही. बापाच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार चुकतो, तेव्हा तीच स्वतःच्या कुशीत खुपसतो. वार्ता ऐकून राणी युरिडिसी निःशब्द आत जाते आणि पतीला शाप देत प्राण सोडते.

शेवटी क्रेऑनजवळ आरोप करण्यासाठी कोणी उरत नाही. हा दोष दुसऱ्या कोणाही मर्त्य माणसाच्या माथी बसवता येणार नाही, तो माझाच आहे, असे तो म्हणतो आणि मला येथून घेऊन जा, अशी सेवकांना विनवणी करतो.