पाड्याचा पैसा

पिंपळनेर सोडून पश्चिमेला निघालं की साक्री तालुक्यातले कोकणा-भिल्लांचे पाडे लागतात. इथल्या अनुसूचित गावांसाठी राज्य सरकारने 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट ग्रामपंचायतींकडे द्यायचं ठरवलं. ‘अबंध निधी’, म्हणजे खर्च कशावर करायचा ते ग्रामसभेने सांगायचं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बाईला गावाची पहिली गरज कोणाला विचारावी लागत नाही. पण सभा भरते ऐन मजुरीच्या वेळी. दिवाळीनंतर तर निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, दाराला कुलूप, आणि ठराव मात्र मंजूर! सभा संध्याकाळी, पाड्यावरच घ्या ना. जवळच्याच बारीपाडा गावाने तिथल्याच चैत्राम पवारांच्या सोबतीने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं, तेव्हा विहिरींना पाणी टिकलं आणि माणसं गावात राहिली. 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली. तिथे निधीच्या कितीतरी आधी माणसं एकत्र बसत होती.