मांडवामागची चिमुकली



एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कार्यक्रमांची रीघ लागते. १४ एप्रिलची जयंती, मग लग्ने, बुद्धपौर्णिमा, मध्येच कुणाच्या बाळाचे नामकरण. गावाकडची, मुंबई-पुण्याची सगळी नातलग मंडळी एका अंगणात जमतात. मोठ्यांची सोय आपण नीट करतो. सतरंज्या, खुर्च्या, पिण्याचे पाणी, जेवण, सगळे वेळेवर असते. पण एक ते तीन वर्षांच्या पोरांची सोय कोण करतो? ती कंटाळतात, रडतात, वंदना चालू असताना मध्येच पळतात. शेवटी "जा गं, याला जरा बाहेर घेऊन जा" म्हणून आठ-दहा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या कडेवर दिली जातात.

गेल्या वर्षी आमच्या घरी असेच झाले. पुतण्याच्या मुलीचे नामकरण होते. दीड वर्षाचा एक नातू दहा वर्षांच्या मुलीकडे सोपवला होता. कार्यक्रम संपत आला आणि मागच्या दारी ओरडा झाला. भांडी विसळायला पाण्याचा टब भरून ठेवला होता, त्यात पोर डोक्यावर पडले होते. शेजारच्या बाईने पाहिले आणि पटकन वर उचलले म्हणून वाचले. पहिली चापट बसली ती त्या मुलीला. ती रडत म्हणाली, "आई, मला काकांनी पत्रावळ्या आणायला पाठवलं होतं." ते काका म्हणजे आम्हीच. चूक आमची आणि मार तिला!

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. लहान भावंडे सांभाळायची म्हणून शाळा सुटलेल्या आया, आत्या, मावश्या आपल्या किती घरांत आहेत! आपण शिकलो-सवरलो, तरी कार्यक्रमाच्या दिवशी तोच भार पुन्हा मुलीच्याच कडेवर का द्यायचा?

पुढच्या कार्यक्रमाला आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, अंगणाचा एक सावलीचा कोपरा फक्त चिमुकल्यांचा. दोन, तिथे मोठ्या माणसांनी पाळीपाळीने बसायचे. अर्ध्या तासाची पाळी, त्यात काका, मामा, आजोबा सगळे आले. पाळीवर असलेल्याला कुणी दुसरे काम सांगायचे नाही.

खेळणी विकत आणावी लागत नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी येथे गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले असे गावात मिळेल ते सामान वापरले. आपल्या अंगणातही तेच करता येते. आम्ही करून पाहिलेले काही खेळ सांगतो.

पाण्याचा रंग : जुना रंगाचा ब्रश आणि मगाच्या तळाशी थोडेसे पाणी द्या. भिंत, फरशी, दगड, काय हवे ते पोराला 'रंगवू' द्या. ऊन्हाने रंग वाळतो, पोर पुन्हा रंगवते. खेळ संपला की मग तिथेच रिकामा करा.

डबा-झाकण : धार नसलेले रिकामे डबे, वाट्या, पातेल्यांची झाकणे आणि एक लाकडी चमचा. झाकण लावणे, काढणे, वाटीत वाटी बसवणे, मग बडवणे. आवाज होतो, म्हणून हा खेळ भाषण संपल्यावर काढावा.

खोक्याची गाडी : किराणा दुकानातून मोठे पुठ्ठ्याचे खोके मागून आणा, पिना काढून टाका. पोराला आत बसवून मोठ्याने हळूहळू ओढावे. दोन्ही बाजू उघडल्या की त्याच खोक्याचा बोगदा होतो.

बुवा-कूक : दोन खुर्च्यांमध्ये जुने लुगडे बांधा. अलीकडे पोर, पलीकडे आजोबा. तोंड लपवायचे आणि दाखवायचे. वर्षभराचे मूल यात सर्वांत जास्त हसते.

चिंधीचा चेंडू : जुन्या कपड्यांचे चार-पाच चेंडू शिवा. पाटीत टाकायचे, पाटी उपडी करायची, पुन्हा भरायची. दोन वर्षांच्या मुलाला भरणे आणि ओतणे यापेक्षा मोठा आनंद नाही.

पानांची वेचणी : तीन वर्षांच्या मुलांना गळलेली पाने वेचायला लावा. मोठी एका टोपलीत, लहान दुसरीत. मग कोणते पान मऊ, कोणते खरखरीत, ते हाताने पाहू द्या.

या वयाच्या मुलांची शर्यत लावू नका, कुणाला 'बाद' करू नका, बक्षीस ठेवू नका. त्यांना वाटून घेणे अजून कळत नाही, म्हणून प्रत्येक वस्तू दोन-तीन ठेवा. दहा मिनिटांत मन उडाले तर खेळ बदला. मोबाईल हातात देऊन गप्प बसवणे सोपे वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसातून किमान तीन तास हालचाल व्हावी. अंगण त्यासाठीच आहे.

खेळ मांडण्याआधी मोठ्याने एक फेरी मारावी. टब, बादल्या रिकाम्या आणि उपड्या कराव्या, पिंपावर घट्ट झाकण असावे. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडते, आणि ते ओरडतही नाही. चूल, शेगडी, मांडवाच्या वायरी, मोठे लाऊडस्पीकर आणि गाड्या लावण्याची जागा यांपासून कोपरा दूर हवा. शेंगदाणे, फुटाणे, मणी, बटणे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे घशात अडकतात, ते तिथे नकोत.

अंगण नसेल तर विहारासमोरची मोकळी जागा किंवा चाळीतली एक रिकामी खोली चालेल. गच्ची मात्र नको.

यंदा आमच्या घरच्या कार्यक्रमाला दुसरी पाळी आमची होती. अर्ध्या तासात आमची पाठ भरून आली. खोके ओढता ओढता मांडवाकडे पाहिले, तर ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. कडेवर कोणी नव्हते. दोन्ही हात मोकळे होते आणि ती भाषण ऐकत होती.

तुमच्या घरच्या पुढच्या कार्यक्रमाला पत्रावळ्यांची यादी करताना पाळ्यांचीही यादी करा. पहिले नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचे लिहा.