गौरी भैयाचा सिनेमा कुठाय?

‘ट्वेल्थ फेल’ बघून रडला नाही असा आमच्या ऑफिसात मी एकटाच निघालो. 2023 च्या ऑक्टोबरात विधु विनोद चोप्राचा हा सिनेमा आला आणि ‘रीस्टार्ट’ हा शब्द ज्याच्या त्याच्या स्टेटसला लागला. विक्रांत मेस्सीनं काम जबरदस्त केलंय. मनोजकुमार शर्मा खरेखुरे आयपीएस, तेही महाराष्ट्र केडरचे. त्यांच्या कष्टांबद्दल एक शब्द नाही. माझं भांडण कॅमेऱ्याशी आहे. तो दरवेळी पास होणाऱ्याच्याच मागं का पळतो?

अकरावी-बारावी मी लातूरला काढली. ट्युशन एरियात दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही तिघं, भिंतींना पोपटी ऑइलपेंट. ‘कोटा फॅक्टरी’ने अशाच खोल्या ब्लॅक अँड व्हाइट दाखवल्या. 2019 चा तो पहिला सीझन अनअकॅडमीच्या स्पॉन्सरशिपवर आला होता. म्हणजे क्लासच्या धंद्यावर टीका, आणि पैसे ऑनलाइन क्लासवाल्यांचे! वर त्यातला जीतू भैया एवढा गोड, की बघणाऱ्या पोराला वाटावं, आपल्यालाही तिकडंच जायचंय.

मला बारावीनंतर नांदेडला इंजिनिअरिंग मिळालं. रूममेटला डॉक्टरच व्हायचं होतं. त्यानं रिपीट केलं. परत केलं. मधेच सीईटी जाऊन नीट आली, म्हणून परत. 2018 ला पबजी मोबाइल आलं तेव्हाही तो लातुरातच होता. रात्री अकराला मेसेज यायचा, “काय करलालास?” मग मी विष्णुपुरीच्या होस्टेलवरून, तो पोपटी खोलीतून, एकाच विमानातून उड्या मारायचो. शंभर जण उतरतात, जिंकतो एक. स्क्रीनच्या कोपऱ्यात जिवंत उरलेल्यांचा आकडा कमी कमी होत जातो. एकदा तो म्हणाला, “इथं निदान कळतंय, किती उरलेत.”

पबजी काही साधुसंत नाही. नवख्यांच्या मॅचमध्ये ते कॉम्प्युटरनं चालवलेले भिडू घुसवतं, त्यांना मारून आपल्याला वाघ झाल्यासारखं वाटतं. परीक्षेच्या सिनेमातही हे भिडू असतात: हिरोचे रूममेट. चहा आणायचा, जोक मारायचा, हिरो पुढं गेला की मागं राहायचं. पण पबजीत मेल्यावर तुमचा नंबर तरी दाखवतात, शंभरात सदतिसावा. 2024 ला नीटला 23 लाखांवर पोरं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याशा वर. ह्या गणितात ‘रीस्टार्ट’ म्हणजे नेमकं काय, हे एकानं तरी पडद्यावर सांगावं.

‘ट्वेल्थ फेल’मध्ये तसा माणूस आहेही. गौरी भैया. त्याचे अटेम्प्ट संपतात, तो चहाची टपरी टाकतो आणि इतरांना शिकवतो. त्या रात्री तो खोलीवर परत कसा गेला? घरी फोनवर काय बोलला? पुस्तकं रद्दीत घातली की कुणाला दिली? सिनेमाला ह्यातलं काहीच नको असतं. त्याला गौरी भैया हवा तो मनोजला धक्का द्यायला.

रूममेटचं आता कंधारला मोबाइलचं दुकान आहे, बरं चाललंय. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा विचारलं, बघितलास का? टपरीपर्यंत बघितला म्हणाला, मग एक गिऱ्हाईक आलं डिस्प्ले बदलायला.

“पुढचा?”

“पुढचं माहीतच होतं की.”