उशीर नेमका कोणाला झाला? : अल्मा थॉमस

१/ अमेरिकन अमूर्त चित्रकार अल्मा थॉमस यांच्याविषयी एक वाक्य हटकून लिहिले जाते : ‘त्यांची प्रतिभा उतारवयात बहरली.’ हे अर्धसत्य आहे, असे माझे मत. का, ते पाहू.

२/ जन्म १८९१, कोलंबस, जॉर्जिया. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. १९०६ मध्ये अटलांटात वांशिक हिंसाचार उसळला. पुढच्याच वर्षी थॉमस कुटुंबाने वॉशिंग्टन गाठले. १९२४ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या कला विभागाच्या त्या पहिल्या पदवीधर ठरल्या.

३/ पुढे १९६० पर्यंत त्या शॉ ज्युनियर हायस्कूलमध्ये कलाशिक्षिका होत्या. ही वर्षे रिकामी नव्हती. १९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी. १९४३ मध्ये बार्नेट-एडन गॅलरीच्या उभारणीत सहभाग. आणि साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन चित्रकलेचे धडे.

४/ मान्य, त्यांची खरी शैली निवृत्तीनंतरच गवसली. संधिवाताने हात आखडत असताना, खिडकीबाहेरच्या हॉलीच्या झाडावर खेळणाऱ्या प्रकाशातून रंगांचे तुटक ठिपके, पट्टे आणि वर्तुळे साकारली. पुढे अपोलो मोहिमाही त्यांच्या कॅनव्हासवर उतरल्या.

५/ आक्षेप असा की, नागरी हक्कांच्या धगधगत्या काळात फुले आणि अवकाश रंगवणे ही पळवाट नव्हे काय? पण १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात त्या स्वतः होत्या. त्यावर त्यांनी चित्रही काढले. कृष्णवर्णीय कलावंताने केवळ वेदनाच रंगवावी, ही अपेक्षा हेही एक बंधनच. आनंद रंगवण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

६/ १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे एकल प्रदर्शन भरले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वय ८०. आता हिशेब करा : व्हिटनी सुरू झाले १९३१ मध्ये. म्हणजे अशा पहिल्या प्रदर्शनासाठी संग्रहालयाला ४१ वर्षे लागली! मग उशीर कोणाचा?

७/ १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये त्यांचे ‘रिझरेक्शन’ हे चित्र व्हाइट हाउसमध्ये लागले. तिथल्या संग्रहातील कृष्णवर्णीय स्त्रीची ती पहिली कलाकृती.

८/ मित्रहो, इतिहासात ‘पहिली’ हा शब्द भेटला की टाळ्या जरूर वाजवा. पण दार उघडले त्या तारखेसोबत ते किती वर्षे बंद होते, हेही विचारा. उमललेल्या फुलाला उशिराचा दोष देण्यापूर्वी ऊन कोणी अडवले होते, ते पाहायला हवे.