अंगावर गांधी उठल्या म्हणून शेक थांबवू नका



बोईसर, पालघर, वाणगाव, तारापूर या पट्ट्यातून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबे आपल्यात कमी नाहीत. पहाटेची गाडी, दोनेक तासांचा प्रवास, दादरला उतरून पुढे बस किंवा पायी, मशीनखाली काही मिनिटे, आणि पुन्हा तेवढाच परतीचा प्रवास. सोमवार ते शुक्रवार, असे पाच-सहा आठवडे. या रेडिएशनला आपल्याकडे कोणी शेक म्हणते, कोणी लाईट. शब्द सोपे आहेत, पण घोटाळाही त्यांनीच होतो. शेक म्हटले की अंगात उष्णता शिरली असे वाटते, आणि अंगावर काही उठले की "उष्णता बाहेर पडली" असा निकाल घरच्या घरी लागतो.

आमच्या घरी हेच झाले. मावशींना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. शेकाच्या तिसऱ्या आठवड्यानंतर एका रविवारी रात्री दंडावर, मानेवर, पोटऱ्यांवर लाल गांधी उठल्या. खाज अशी की मावशी रात्रभर बसून होत्या. शेजारणींनी आमसुलाचा कोळ चोळला, घोंगडीत गुंडाळले. "शेक मानवत नाही, चार दिवस अंग थंड होऊ द्या," असे ठरले. आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. चार शेक बुडाले. शुक्रवारी गेलो तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या आठवड्यात नवीन गोळी कोणती घेतली?" मावशींनी कमरेच्या दुखण्यावर दुकानातून आणलेल्या गोळ्यांचे पाकीट पिशवीतून काढले. ती गोळी बंद झाली, खाजेचे औषध मिळाले, दोन दिवसांत अंग साफ झाले. शेक मात्र त्याच दिवशी पुढे सुरू झाला. बुडालेले चार दिवस भरून काढायला डॉक्टरांना सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला.

तेव्हा आम्हाला जे समजावून सांगितले गेले, ते येथे देतो. शेकाचा कातडीवरचा परिणाम जेथे किरणे पडतात तेथेच होतो. तोही हळूहळू, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. कातडी लालसर होते, मग काळवंडते, कोरडी पडते, कधी सोलवटते. अंगावर उठणाऱ्या पित्ताची तऱ्हा वेगळी. ते अचानक उठते, कोठेही उठते, जागा बदलते, आणि एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत मावळते. शेक कमरेला आणि गांधी दंडावर असतील, तर बहुतेक वेळा कारण दुसरे असते: अंगदुखीची गोळी, अँटिबायोटिक, शेकाबरोबर दिलेली केमोची बाटली, स्कॅनच्या वेळी टोचलेले औषध, नाहीतर एखादे मलम किंवा चिकटपट्टी. ते कारण शोधणे डॉक्टरांचे काम आहे. आपले काम त्यांना सगळे खरे सांगणे. वैद्याचा काढा घेतला असेल तर तोही सांगावा, लाजू नये.

येथे एक अडचण येते. रात्री उठलेले पित्त गाडी दादरला पोचेपर्यंत मावळते आणि डॉक्टरांपुढे हात कोरा दिसतो. म्हणून गांधी असतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. किती वाजता उठल्या आणि त्याआधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, हे मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेऊन लोकलच्या दारात उभे राहू नये.

मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, घशात आवळल्यासारखे झाले, चक्कर आली, तर परळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात ताबडतोब न्या. अशा वेळी मिनिटे मोलाची असतात.

खंड का पडू द्यायचा नाही? किरणांनी कॅन्सरच्या पेशी रोज थोड्या थोड्या मरतात. मधे दिवस गेले की उरलेल्या पुन्हा वाढू लागतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचा आणि आतला मिळून सारा शेक साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. थांबवायचा झालाच तर तो डॉक्टर थांबवतील.

आता एक गोष्ट, जी लिहिताना आमचा हात जड होतो. मावशींच्या अंगावर गांधी दिसल्या त्या दिवसापासून त्यांचे ताट-पेला वेगळा झाला. नातवाला जवळ घेऊ दिले नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून आपल्या शेजारी आहे, त्यामुळे किरणे म्हटली की या भागात भीती पटकन बसते. पण बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणे राहत नाहीत. मशीन बंद झाले की संपले. कॅन्सरही ताटातून लागत नाही आणि पित्तही. (थायरॉइडसाठी किरणांचे औषध पोटात देतात, तेव्हा काही दिवस अंतर पाळायला डॉक्टर स्वतः सांगतात. तो प्रकार निराळा.) वेगळ्या पेल्याचे दुःख ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सोसले, त्यांच्याच घरात आजारी बाईपुढे वेगळा पेला यावा, याची आम्हाला अजून लाज वाटते.

शेकाच्या जागी हळद, खोबरेल, पावडर, आमसूल काहीही आपल्या मनाने लावू नये. साबण चोळू नये, गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ ठेवू नये, आखलेल्या खुणा पुसू नयेत. सैल सुती कपडा बरा. शेवटच्या शेकानंतरही आठ-पंधरा दिवस कातडी जास्त बिघडू शकते. तो काळ असतोच, घाबरू नये. तोंडाचा शेक असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. तिखट रस्सा बंद. पेज, मऊ भात, नाचणीची आंबील, अंडे चालते. मिश्री आणि तंबाखू तर सुटलीच पाहिजे. पोटाच्या शेकाने जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी देत राहावे आणि डॉक्टरांना कळवावे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावे. एमआयडीसीत कामाला असून ईएसआयचे कार्ड असेल, तर लांब चालणाऱ्या आजाराचा भत्ताही मिळू शकतो. त्यात कॅन्सर येतो. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला बसता येते, दाखला मात्र जवळ हवा. रोजची ये-जा झेपेनाशी झाली तर दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. टाटाचे रुग्ण आणि त्यांची माणसे तेथे उतरतात. जागा मिळण्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच आठवड्यात भेटावे. आम्ही पाचव्या आठवड्यात भेटलो.