ठिबक सुरू करण्याआधी

पावसाळा सरला, मेथी-पालकाचे वाफे तयार झाले, की जठारपेठेतल्या आमच्या परसात पहिलं काम असतं ठिबक साफ करण्याचं. गेल्या वर्षी ते आम्ही टाळलं. दिवाळीच्या सुट्टीत कॉक उघडला आणि निश्चिंत झालो. टाकीतलं पाणी उतरतंय, म्हणजे झाडांना मिळतंय, असा आमचा हिशेब. फेब्रुवारीत अब्बांनी लावलेल्या लिंबाचा बहर गळाला. अम्मींनी बुडाशी हात घालून पाहिलं, तर माती कोरडी ठणठणीत. तिथली तोटी क्षाराने बुजली होती आणि पाणी एका निसटलेल्या जोडातून गवतात जात होतं.

अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं, पण आमच्याकडे नळ रोज येत नाही. त्यामुळे बागेला बोअरचं पाणी, आणि ते जड. नळी बंद राहून आत पाणी वाळलं, की क्षार तोटीच्या बारीक छिद्रात बसतो.

यंदा आधी फिल्टरची जाळी काढून जुन्या ब्रशने घासली. नळ्यांच्या टोकाची टोपणं काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत गाळ वाहू दिला; ते पाणी बादलीत धरून कडुनिंबाला घातलं. तोट्या रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून सकाळी धुतल्या. खारीने कुरतडलेली नळी तेवढी कापून नवा जोड बसवला.

मग मोजणी. आमच्या तोटीवर ताशी 4 लिटर लिहिलंय, म्हणजे 15 मिनिटांत 1 लिटर. पण हा आकडा साधारण 1 किलो दाबाचा. त्यासाठी टाकी 10 मीटर उंच हवी. आमची आहे 3 मीटरवर. प्रत्येक तोटीखाली डबा ठेवला, तर 15 मिनिटांत जेमतेम अर्धा लिटर जमलं. म्हणून वेळ दुप्पट केला. ज्या तोटीखाली याहूनही बरंच कमी जमलं, ती बदलली.

अम्मी वुजूचं पाणी आजही बादलीत धरतात आणि लिंबाला घालतात. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, हे आम्ही वर्गात मुलांना सांगतो, आणि घरी तीन महिने गवताला पाणी पाजत होतो. तुमच्याकडे ठिबक असेल, तर या आठवड्यात तोटीखाली एकदा डबा ठेवून पाहा. सर्वांत लांबच्या झाडापासून सुरुवात करा.