वर्षातून चार दिवस नवरा-बायकोने शिवार सोडावे

शेतकरी बंधूंनो, आणि आज जरा जास्त करून वहिनींनो,

कृषी खात्याचा माणूस या पानावर लिहायला बसला की खोडकिडा, माती परीक्षण नाहीतर अनुदानाची शेवटची तारीख, एवढंच वाचायला मिळणार अशी तुमची खात्री असते. आजचा विषय निराळा आहे. शेती करणाऱ्या तरुण नवरा-बायकोने दोघांनी मिळून फिरायला जावे का, आणि जायचं तर ते कसं बसवावं, याबद्दल मला लिहायचं आहे. हसण्यावारी नेऊ नका. यात शेतीचाही प्रश्न आहे आणि पोरांच्या संसाराचाही.

आपल्या देहूचंच बघा. हे गाव दुसऱ्यांच्या प्रवासावर नांदतं. बीजेला माणूस येतं, ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते तेव्हा तर इंद्रायणीच्या काठाला पाय ठेवायला जागा नसते. नारायण महाराजांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला, तेव्हापासून लोक शेत सोडून चालायला निघतात. २०२५ साली पालखीने १८ जूनला देहू सोडलं आणि आषाढी झाली ६ जुलैला. म्हणजे अठरा दिवसांवर दिवस. शिवाय परतीचे वेगळे. मराठवाड्यातला, खानदेशातला शेतकरी पेरणी उरकून एवढे दिवस घराबाहेर राहतो आणि त्याची शेती बुडत नाही. मागे कोण राहणार, जनावरं कोण बघणार हे त्या घरात आधीच ठरलेलं असतं. अठरा दिवसांची व्यवस्था लागते, मग चार दिवसांची का लागू नये?

यावर वडीलधारी म्हणतील, वारी वेगळी, मौजमजा वेगळी. कबूल. पण वारीला बहुतेक घरांतून एकच जण जातो. आजोबा जातात नाहीतर आई जाते. नवरा-बायको दोघं एकदम निघाली असं फार थोड्या घरांत दिसतं. लग्न झाल्यावर जेजुरीला जायचं, बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचा. ते पहिलं फिरणं आणि पुष्कळांचं शेवटचंही. पुढे गाय येते, मूल येतं, विहिरीचं कर्ज येतं.

इंद्रायणीकाठी माझ्या सजातलं एक जोडपं आहे. नाव सांगत नाही. दीड एकर, त्यात थोडी फुलं, थोडा भाजीपाला आणि दोन संकरित गाई. दोघांनाही फिरण्याची दांडगी हौस. घरात एक शंभर पानी वही आहे. पुढच्या बाजूने दुधाचा हिशोब आणि मागच्या बाजूने गावांची यादी. कास पठार, गणपतीपुळे, हंपी, आणंदची डेअरी, कन्याकुमारी. प्रत्येक गावापुढे कोणत्या महिन्यात जायचं, किती दिवस, वाटेत उतरायचं कुठे, हे दोघांनी मिळून लिहिलंय. संध्याकाळी धारा झाल्या की ती दोघं ओट्यावर बसून ही वही वाढवतात. त्यातलं आजवर गणपतीपुळेच तेवढं झालंय. आणि खरं सांगू, यादीत आणंद लिहिणारी बाई मला पहिल्यांदाच भेटली. म्हणाली, "दूध आपण घालतो साहेब, पण एवढ्या दुधाचं पुढं काय करतात ते बघायचंय."

याच घरातला थोरला भाऊ चाकणच्या एका कारखान्यात आहे. गुरुवारची सुट्टी, तिला जोडून एक रजा काढली की तो बायका-पोरांना घेऊन महाबळेश्वरला जाऊन येतो. त्याला कोणी काही विचारत नाही, कारण रजा कंपनीने दिलेली असते. धाकट्याने हंपीचं नाव काढलं की ओट्यावरून आवाज येतो, "शेती कुणाच्या जिवावर टाकून चाललात?" एकाच घरात राबणाऱ्या दोन पोरांना दोन न्याय. मग धाकट्याच्या मनात काय येत असेल? हीच शेती विकावी आणि आपणही गेटपास गळ्यात घालावा, हेच ना?

मुलगी देताना लोक शेतकरी मुलगा नको म्हणतात, याची आपण फार चर्चा करतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला बिनलग्नाची पोरं नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा घेऊन गेली होती. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मुलींना शेतकऱ्याची गरिबी तेवढी नको असते असं समजू नका. पगारदाराच्या घरीही ओढाताण असते, हे त्या जाणतात. पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस शेण, धारा आणि चूल, एकही दिवस आपला म्हणून नाही, हे त्यांना दिसतं. आईचं आयुष्य त्यांनी तसंच गेलेलं पाहिलेलं असतं. ज्या घरात वर्षातले चार दिवस सुनेसाठी मोकळे आहेत, त्या घराकडे मुलीचे आईबाप वेगळ्या नजरेने बघतील की नाही, तुम्हीच सांगा.

आता अडचणीचं बोलू, कारण अडचण खरी आहे. आणि ती गाईची आहे. ऊस चार दिवस थांबतो. ठिबकला टायमर आहे, मोटारीला मोबाईलचा स्टार्टर आहे. गाय मात्र बारा तासांनी धारेला उभी राहणारच. तेव्हा फिरण्याचं नियोजन सुरू होतं ते गाय भरवण्याच्या तारखेपासून, हे ध्यानात घ्या.

हिशोब सोपा आहे. गाय गाभण राहिल्यापासून साधारण २८० दिवसांनी विते. विण्याआधी दोन महिने तिला आटवायची असते. पुढच्या वेताचं दूध हवं असेल तर आटवलीच पाहिजे, हे मी घसा कोरडा करून सांगत असतो. समजा १० जानेवारीला गाय भरवली आणि ठरली, तर ती १७ ऑक्टोबरच्या आसपास विणार. आटवायची १८ ऑगस्टला. आटवल्यावर पहिला आठवडा कास आणि सड रोज तपासा, दगडी होण्याचा धोका तेव्हा असतो. सडात औषध सोडायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. विण्याच्या आधीचे पंधरा दिवस गोठा सोडायचा नाही. मधले पाच आठवडे तुमचे. २५ ऑगस्टपासून २ ऑक्टोबरपर्यंत गाईला फक्त वैरण, पाणी आणि नजर लागते. ते काम म्हातारी माणसंही करतात. दोन गाई असतील तर दोन्ही त्याच महिन्यात भरतील असं बघा. एखादी उलटली तर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येईल, तेवढा पुढेमागे फरक धरायचा. घरखर्च दुधावरच चालत असेल तर दोन्ही गाई एकदम आटवणं परवडत नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग पुढे सांगतो.

हे पाच आठवडे मी मुद्दाम घेतले. मावळच्या बाजूला तेव्हा भाताची लावणी उरकून पीक हिरवं उभं असतं आणि कापणीला अवकाश असतो. कास पठारावर फुलं असतात. पितृपक्षात लग्नकार्यं नसल्याने गर्दीही बेताची. खेडच्या बाजूच्या कांदेवाल्यांचं आणि तळेगावकडच्या गुलाबवाल्यांचं वेळापत्रक वेगळं पडेल. गुलाबवाल्याने जानेवारीच्या शेवटापासून व्हॅलेंटाइन डेचा माल निघेपर्यंत पॉलिहाऊसबाहेर पाऊलही टाकू नये. आणि देहूकराने बीज आणि पालखी सोडून बाकी काय ते ठरवावं, तेव्हा तर पाहुणेच आपल्या घरी असतात.

दुसरा मार्ग सावडीचा. लावणीला आपण सावड करतोच. आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या. तशीच दुधाची सावड का करू नये? शेजारची तीन जोडपी एकत्र आली की एक जोडपं चार दिवस बाहेर आणि दोघं त्याच्या धारा काढतात. पुढे पाळी फिरते. एक काळजी मात्र घ्या. परका हात लागला की गाय पान्हा चोरते. म्हणून निघण्याआधी आठ-पंधरा दिवस त्या शेजाऱ्याला रोज एक वेळ तुमच्या गोठ्यात बसवा. गाय त्याच्या आवाजाला सरावली पाहिजे. मोबदल्यात पैसे देऊ नका. पैसे आले की सावड मोडते.

पैशाचं म्हणाल तर पीककर्जाच्या पैशाने फिरायला जाऊ नये. आणि आपल्या पट्ट्यात सांगायलाच हवं असं एक आहे: जमीन विकल्याच्या किंवा संपादनात मिळालेल्या पैशाने तर मुळीच जाऊ नये. एमआयडीसी आली, रस्ते आले, पैसा आला, गाड्या आल्या, दर आठवड्याला गोवा झालं आणि चार वर्षांत सातबाराही नाही आणि गाडीही नाही अशी घरं तुम्हीही पाहिली आहेत. त्या फिरण्याची मी बाजू घेत नाही.

दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं. प्रत्येक बिलातले दोनशे रुपये बाजूला टाका. वर्षात छत्तीस बिलं, सात हजार दोनशे रुपये. केरळात कोचीला विजयन आणि मोहना नावाचं एक जोडपं छोटं चहाचं दुकान चालवत असे. रोजच्या गल्ल्यातून तीनशे रुपये वेगळे काढायचे, कमी पडलं तर कर्ज काढायचं, परत येऊन चहा विकून ते फेडायचं आणि पुन्हा निघायचं. २००७ साली ती दोघं परदेशी निघाली आणि पुढे पंचवीसच्या वर देश पाहिले. २०२१ मध्ये रशियाहून परतल्यावर थोड्याच दिवसांत विजयन वारले. कर्ज काढण्याची त्यांची पद्धत मी तुम्हाला सांगणार नाही, त्यांचं दुकान रोज उघडत होतं आणि आपला पाऊस रोज पडत नाही. पण रोजच्या गल्ल्यातून आधी प्रवासाचा वाटा काढायचा, ही रीत घेण्यासारखी आहे.

आणि जोडीनेच जा, यावर माझा भर का? गावातून अभ्यास दौरे निघतात. "आत्मा"मधून निघतात, ग्रामपंचायतीचे निघतात. हिवरेबाजार, राळेगणसिद्धी, बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र. गाडी भरते ती पुरुषांनी. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, पण सरपंच वहिनी घरी आणि दादा दौऱ्यावर, असंही चालतं. दादा परत येऊन सांगतात, "मुरघास बघितला, झकास आहे." ज्या बाईला तो रोज जनावरापुढे टाकायचाय तिने तो पाहिलेलाच नसतो. मग तो होत नाही आणि अहवालात मात्र दौरा यशस्वी. पंचायत अधिकाऱ्यांना आणि माझ्या खात्यातल्या सहकाऱ्यांना (आता आमचं नावही सहायक कृषी अधिकारी झालं आहे) माझी विनंती आहे की यादी करताना नावं जोडीने घ्या. दहा पुरुषांऐवजी पाच जोडपी न्या. खर्च तेवढाच होतो.

नुसती मजा म्हणून गेलं तरी शेतकऱ्याचा डोळा शेतावरच असतो म्हणा. हंपीचंच घ्या. देहूच्या माणसाला तिथे विठ्ठलाचं भव्य देऊळ बघायला मिळेल. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असं परंपरा सांगते. पण देऊळ बघून झालं की कालव्यांवर जा. तुंगभद्रेवरून काढलेले विजयनगरच्या काळातले कालवे आजही वाहतात आणि त्यावर भात, ऊस, केळी उभी आहेत. आपल्या पाटाचं पाणी टेलला का पोचत नाही, हा विचार तिथे उभं राहून केलेला बरा.

जोडीने प्रवास ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे असंही समजू नका. संत बहिणाबाई नवऱ्याबरोबर मजल दरमजल करीत याच देहूला आल्या होत्या, सतराव्या शतकात. बरोबर गायही होती. तेवढं तर आपल्याला करायचं नाही.

एसटीची "आवडेल तेथे प्रवास" ही पासाची योजना १९८८ पासून आहे, चार दिवसांचा पास आणि सात दिवसांचा पास. एका पासावर त्या मुदतीत हवं तिथे चढा-उतरा. सरळ एकाच गावी जाऊन यायचं असेल तर तिकीटच काढा, कारण १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बायकांना अर्धंच तिकीट आहे. दोघांचं मिळून दीड. रेल्वेने लांब जायचं असेल तर आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होतं. म्हणजे गाय आटवायच्या आधीच तिकीट काढायला बसावं लागेल. गाय कधी भरवली ती तारीख नक्की नसेल, तर डॉक्टरांकडून गाभण तपासून घ्या आणि मगच खिडकीवर जा.